मित्र निवडायची वही

यंदा मे महिन्यात आमच्या चर्चच्या तरुण संघाने मला शिबिरात बोलायला बोलावलं. विषय त्यांनीच ठरवला होता : ‘चांगले मित्र कसे निवडावेत’. समोर दहावी-बारावीतली पोरं, वेळ वीस मिनिटं. मी हो म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की याच विषयावरचं भाषण मी याच शिबिरात एकदा ऐकलं होतं. तेव्हा मी समोरच्या सतरंजीवर बसलो होतो आणि मांडीवर वही होती.

ती वही माधवनगरच्या घरी लोखंडी ट्रंकेत सापडली. निळं कव्हर, वर माझ्याच अक्षरात ‘मे २०१६’. आत सहा प्रश्न लिहिलेले. तो प्रार्थना करतो का? रविवारी उपासनेला येतो का? शिव्या देतो का? व्यसन आहे का? त्याच्या घरचं वातावरण कसं आहे? त्याच्यामुळे मी देवाच्या जवळ जातो की लांब? त्याखाली पट्टीने ओढलेली रेघ आणि दोन रकाने : ‘ठेवायचे’ आणि ‘सोडायचे’. पहिल्या रकान्यात सात नावं. दुसऱ्यात एकच.

कांडी.

बाकीच्यांची नावं बघून मला काहीच वाटलं नाही. त्यातल्या दोघांचे तर चेहरेही आठवेनात. त्या एका नावाशी मात्र मी बराच वेळ थांबलो.

*

माधवनगर सांगलीला लागून आहे, पण सांगली नाही. एका अंगाला बुधगाव, मिरज धाकटी पाती या पटवर्धनी संस्थानाची जुनी राजधानी. दुसऱ्या अंगाला सांगलीला जाणारा रस्ता. मध्ये आमची वस्ती. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत झोप लागायची ती यंत्रमागांच्या खटखटीत. वीज गेली आणि माग थांबले की शांततेनेच जाग यायची.

गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. आई नर्स, मिरजेत शिकलेली. आमच्या भागातल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांची गोष्ट फिरून फिरून मिरजेच्या मिशन हॉस्पिटलपाशी येते. डॉ. विल्यम वानलेस यांनी ते १८९४ साली सुरू केलं. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीला नाव त्यांचंच. माझी आजी तिथे राहायची, म्हणून सुट्टीत मी तिथे, आणि बाकीचं वर्षभर कांडीच्या सोबत.

मागाच्या धोट्यात आडव्या सुताची बारीक नळी बसवतात, ती कांडी. हा तसाच होता, सरळ आणि सडपातळ, म्हणून सगळी शाळाच त्याला कांडी म्हणायची. त्याचे वडील दुसऱ्याच्या मागावर कामाला. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. नाताळात आमच्या करंज्यांचा डबा आईच्या आधी त्याला सापडायचा. गणपतीत मी त्यांच्या मंडळात प्रसादाच्या वेळेला बरोबर हजर. एकदा तो आमच्याबरोबर चर्चला आला, तासभर गप्प बसला, आणि बाहेर आल्यावर म्हणाला, “गाणी चांगली हायत. पण तुमचा देव लई वेळ बसवतोय.”

दहावीनंतर मी सायन्सला गेलो आणि तो मागावर. त्याचे वडील प्यायचे. प्यायले की घरात आरडाओरडा व्हायचा. ज्या रात्री फार व्हायचा त्या रात्री कांडी आमच्या पायरीवर येऊन बसायचा. आई काही विचारायची नाही, ताट वाढायची. त्याने हे मला एकदाच बोलून दाखवलं होतं, रेल्वे रुळाच्या कडेला, आणि लगेच म्हणाला होता, “कुणाला बोलू नको.” मीही म्हणालो होतो, “नाही रे.”

*

२०१६ च्या त्या शिबिरात पौलाचं एक वचन फळ्यावर लिहिलं होतं. वाईट संगतीने चांगल्या सवयी बिघडतात, अशा अर्थाचं, करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं. बोलणारा दादा मनापासून बोलत होता. त्याचा स्वतःचा भाऊ व्यसनात गेला होता, त्यामुळे त्याचा आवाज मध्येच भरून यायचा. त्याने ते सहा प्रश्न दिले. नासका आंबा अख्खी आढी नासवतो, हेही सांगितलं. आम्ही लिहून घेतलं.

संध्याकाळी साक्ष द्यायची वेळ आली. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत सांगणं. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. सतरा वर्षांच्या, वेळेवर जेवणाऱ्या मुलाकडे काय असणार? म्हणून मी कांडीचं सांगितलं. माझा एक मित्र आहे, तो आता मावा खायला लागलाय, त्याचे वडील दारू पिऊन घरात काय करतात, तो रात्री आमच्या पायरीवर कसा येतो, आणि आता देव मला त्याच्यापासून वेगळं व्हायला सांगतोय. मग मी डोळे मिटून त्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना केली. चाळीस-पन्नास जण आमेन म्हणाले. दोन मुली रडल्या.

मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

घरी आल्यावर मी कांडीशी भांडलो नाही. भांडण झालं असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं. मी फक्त जायचा बंद झालो. तो दोनदा हाक मारून गेला, मी अभ्यासाचं कारण सांगितलं. तिसऱ्यांदा तो आला नाही. आईने एकदा विचारलं, “तो येत नाही रे हल्ली?” मी म्हणालो, “कामात असेल.” मला वाटत होतं मी एक अवघड आज्ञा पाळतोय.

*

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांपर्यंत चढलं, अर्धी सांगली पाण्यात गेली. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, पण माझी मावशी गावभागात दुसऱ्या मजल्यावर अडकली होती. फोन बंद. आई दोन दिवस दारातून आत-बाहेर करत होती. मी चर्चच्या ग्रुपवर निरोप टाकत होतो आणि ‘प्रार्थना करत आहोत’ अशी उत्तरं मोजत होतो.

तिसऱ्या दिवशी अंधार पडताना दारात ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत दहा-बारा माणसं, ओली, गप्प. त्यात मावशी. तिला हात देऊन उतरवत होता कांडी. कमरेपर्यंत चिखल, डोळे लाल. बुधगावच्या पोरांबरोबर तीन दिवस तो हेच करत होता. गावातून भाकऱ्या गोळा करून न्यायच्या आणि येताना माणसं आणायची. मावशीचा पत्ता त्याला आईने दिला होता, मला न सांगता.

आई म्हणाली, “चहा घेऊन जा.” तो म्हणाला, “येतो काकू, अजून एक खेप हाय.” मी फाटकाशी उभा होतो. तीन वर्षांनी समोरासमोर. मला एकच शब्द सुचला. “थँक्यू.”

तो हसला. “थँक्यू काय, लगा.” आणि ट्रॅक्टरवर चढला.

त्या रात्री मला वाटलं, चला, म्हणजे मनात काही नाही त्याच्या. मी निर्धास्त झोपलो.

*

पुढे मी नोकरीला पुण्यात आलो. खोलीत आम्ही तिघं, तिघेही ख्रिस्ती, आईने आणि पाळकसाहेबांनी चौकशी करून ठरवलेले. त्यातला एक गाणाऱ्या संघात होता, आवाज असा की उपासनेला माणसं डोळे पुसायची. माझ्या जुन्या वहीतल्या सहाच्या सहा प्रश्नांवर त्याला बरोबरची खूण मिळाली असती. पैसे लावून खेळायचं अॅप माझ्या फोनमध्ये पहिल्यांदा टाकलं ते त्यानेच.

त्याला मी दोष देत नाही. त्याने ५० रुपये लावले आणि थांबला. थांबलो नाही तो मी. आयपीएलचा एक हंगाम क्रिकेटच्या टीमा लावण्यात गेला, मग रमी आली. पगार झाला की दोन दिवसांत खातं रिकामं. मग झटपट कर्ज देणारी अॅप. एकाचं फेडायला दुसरं, दुसऱ्याचं फेडायला तिसरं. घेताना त्यांनी फोनमधली सगळी नावं बघायची परवानगी मागितली होती. मी न वाचता ‘हो’ दाबलं होतं. हप्ता चुकला की फोन यायला लागले, मग धमक्या : तुझ्या आईला सांगू, ऑफिसात सांगू. २०२३ च्या जूनमध्ये माझ्या डोक्यावर १ लाख १८ हजारांचं देणं होतं आणि जेवणाच्या डब्याचे पैसे नव्हते.

एके रात्री मी चर्चमधल्या जवळच्या मित्राला सांगितलं. खोलीतला नव्हे, दुसरा. वय, शिक्षण, विश्वास, सगळं जुळणारा. त्याने शांतपणे ऐकलं. माझा हात धरून प्रार्थना केली. जाताना म्हणाला, “काळजी करू नकोस, आपण सगळे तुझ्यासोबत आहोत.”

‘सगळे’ या शब्दाचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. तरुणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्या नावासकट प्रार्थनेसाठी विनंती गेली होती. जुगार, कर्ज, अॅप, सगळं नीट लिहिलेलं, शेवटी हात जोडलेल्या दोन खुणा. दुपारपर्यंत ती पुण्यातून सांगलीच्या ग्रुपवर गेली. संध्याकाळी आमच्या चर्चच्या एका बाई सांत्वनाला माझ्या आईकडे गेल्या. आईला तोवर काहीच माहीत नव्हतं.

मी फोन बंद केला. तीन दिवस खोलीतून बाहेर पडलो नाही. त्या तीन दिवसांत माझ्या मनात काय काय आलं ते इथे लिहीत नाही. इतकंच सांगतो की त्यावेळी मला पैशाची लाज कमी वाटत होती. सगळ्यांना कळलंय, याची जास्त वाटत होती.

*

चौथ्या दिवशी सकाळी दार वाजलं. रात्रीच्या एसटीने स्वारगेटला उतरून, पत्ता विचारत विचारत कांडी आला होता. हातात आईने दिलेला भाकरीचा डबा. आई त्याच्याकडे गेली होती. पैसे मागायला नाही. “त्याचा फोन लागत नाही, तू बघून येशील का?” एवढंच म्हणाली होती.

तो आत आला, खोलीभर नजर फिरवली, खिडकी उघडली. म्हणाला, “आधी आंघूळ कर. वास मारायलायस.”

मग आम्ही भाकरी खाल्ली. त्याने माझा फोन मागितला. “एकेक अॅप उघड आणि किती द्यायचंय ते सांग.” कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीमागे त्याने ते लिहून काढलं. मी दोन रकमा कमी सांगितल्या. तो थांबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “खोटं बोलायचं आसंल तर मी दुपारच्या गाडीनं जातो. खरं बोलायचं आसंल तर ऱ्हातो.”

मी खऱ्या रकमा सांगितल्या.

“तुला पैसं देणार न्हाई,” तो म्हणाला. “हायतच कुठं? आणि असतं तरी दिलं नसतं. माग चालू असताना सूत तुटलं तर आधी माग थांबवायचा, मग गाठ मारायची. तसाच चालू ठेवलास तर कापड फुकट.” खेळायची अॅप त्याने माझ्याकडूनच काढायला लावली, स्वतः हात लावला नाही. धमक्यांचे मेसेज जपून ठेवायला सांगितले. १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करताना तो शेजारी बसून होता. गाडी विकायचं ठरलं. कुणाचं आधी फेडायचं याचा क्रम लावला. आणि आईला फोन करायला लावला. मी बोलताना तो बाहेर जाऊन उभा राहिला.

रात्री मी विचारलं, “तुला हे सगळं कसं कळतं रे?”

“मी दोन वरसं मटका खेळलोय,” तो म्हणाला. “सतरा-अठराला. आईचं डोरलं गेलं त्यात.”

“मला कधी बोलला नाहीस.”

“कवा बोलणार? तू त्याच साली यायचा बंद झालास.”

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. बस कितीची आहे हे सांगावं तसं त्याने सांगितलं. तेव्हा मी त्याला शिबिरातलं सांगितलं. साक्ष, त्याचे वडील, पायरी, सगळं. सांगताना माझी मान खाली होती.

“मला म्हाईत हुतं,” तो म्हणाला. “शिबिरात बुधगावचं एक पोरगं हुतं. चार दिवसांत गावात आलं परत. माझ्या बानं मला मारलं त्यापायी.”

मी मनातल्या मनात वर्षं मोजली. म्हणजे पुराच्या वेळी, ट्रॅक्टरवरून माझ्या मावशीला उतरवताना, त्याला हे माहीत होतं. “थँक्यू काय, लगा” म्हणताना माहीत होतं. स्वारगेटला उतरतानाही माहीतच होतं.

*

महिनाभराने मी घरी गेलो आणि पाळकसाहेबांना भेटलो. मला भांडायचं होतं. ते वचनच चुकीचं आहे, असं म्हणायचं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बायबल उघडून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, “वचन बरोबर आहे. आपण त्याच्या आधीचं-नंतरचं वाचत नाही, एवढंच.”

मग पुढचा तासभर त्यांनी जे दाखवलं ते मला कुणी आधी दाखवलं असतं तर बरं झालं असतं. पौल तिथे चर्चबाहेरच्या कुणाबद्दल बोलतच नाही. तो पंधरावा अध्याय पुनरुत्थानाबद्दल आहे. करिंथच्या मंडळीतलेच काही जण, मेलेले उठत नाहीत, असं म्हणत होते. संगत कुणाची जपा, तर आतल्यांची. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात तर तो स्पष्ट करतो : जगातल्या वाईट माणसांशी संबंधच ठेवू नका असं मी म्हणालो नव्हतो, तसं करायचं तर जगच सोडून जावं लागेल. सावध राहायचं ते स्वतःला भाऊ म्हणवून लोभ धरणाऱ्या, निंदा करणाऱ्या माणसापासून. निंदा हा शब्द मी दोनदा वाचला.

आणि गंमत म्हणजे संगतीबद्दलचं ते वाक्य पौलाचं स्वतःचंही नाही. अभ्यासक ते मिनँडर या ग्रीक नाटककाराचं मानतात. ख्रिस्ताच्या तीनेकशे वर्षं आधीचा, विनोदी नाटकं लिहिणारा माणूस. म्हणजे ‘बाहेरच्यां’ची संगत नको म्हणून आम्ही जे वाक्य फळ्यावर लिहीत होतो, ते पौलाने बाहेरच्याच एका माणसाकडून उचललं होतं.

येशूवर ठेवलेला एक आळही त्यांनी मला आठवून दिला. जकातदार आणि बदनाम लोकांचा हा मित्र आहे, असं लोक त्याला हिणवून म्हणत. त्याने तो आळ कधी नाकारला नाही. पण शेवटच्या रात्री शिष्यांना त्याने मित्र म्हटलं, तेव्हा कारणही सांगितलं : दासाला धन्याच्या मनातलं ठाऊक नसतं, तुम्हाला मी माझ्या मनातलं सगळं सांगितलंय. मैत्री म्हणजे मनातलं सोपवणं. ते ज्याच्याकडे सुरक्षित राहतं, तो मित्र. त्या रात्रीही सोपवलेलं सगळ्यांकडे सुरक्षित राहिलं नाही. बारा जणांतला एक ते विकून आला. त्यालाही प्रार्थना येत होतीच की.

आजीने मला ‘स्मृतिचित्रे’ दिलं होतं, ते मी त्या दिवसांत शेवटी वाचलं. आमच्या चर्चमध्ये आम्ही रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं गातो, पण टिळकांचं घर कसं होतं हे मला ठाऊक नव्हतं. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि सगेसोयरे तुटले. लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षं वेगळ्या राहिल्या, नंतर आल्या. संगतीची किंमत त्या घराला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी नगरच्या त्याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, येऊन घरच्यासारखे राहिले. ठोंबरे ख्रिस्ती नव्हते, पुढेही झाले नाहीत. वयाने टिळकांपेक्षा जवळजवळ तीस वर्षांनी लहान. आणि १९१७ मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ काढला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना, दोघांनाही जागा ठेवली. माझ्या वहीत दोन रकाने होते. टिळकांनी रेघच मारली नव्हती.

*

म्हणजे मित्र निवडूच नयेत का? नाही. माझं म्हणणं तसं नाही. खोलीतल्या त्या अॅपने मला शिकवलंय की संगत लागते, आणि लवकर लागते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. चांगलं झालं. पण सोबत कुणाची धरायची, हे काही कायदा ठरवून देत नाही. आणि कांडी काही संत नाही. तो अजून मावा खातो. माझ्यासमोर पुडी काढली की मी बोलतो, तो शिवी देतो, आणि आमचं तिथेच थांबतं. त्याच्या माव्यात मी वाटेकरी नाही. त्याच्या दुःखात आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कळायला मला सात वर्षं लागली.

शिबिरात मी पोरांना माझी जुनी वही दाखवली, सहा प्रश्न वाचून दाखवले. मग म्हणालो, मी आता तीनच विचारतो. मी सांगितलेली गोष्ट याच्या पोटात राहते का? माझं चुकलं तर हा माझ्या तोंडावर सांगतो का? आणि माझ्याकडून काही मिळण्यासारखं नसेल, तेव्हा हा येतो का? चर्चमधल्या मुलाला विचारा, बाहेरच्या मुलाला विचारा, प्रश्न तेच. आणि तिन्ही प्रश्न आधी स्वतःला विचारा. मी विचारले तेव्हा २०१६ च्या मला तिन्हीत शून्य मार्क पडले. माझं नाव कुणीतरी ‘सोडायचे’च्या रकान्यात लिहायला हवं होतं. ज्याला तो हक्क होता त्याने लिहिलं नाही.

मागे एक मुलगी बसली होती. तिने विचारलं, “दादा, मग ज्याने तुमचं ग्रुपवर टाकलं, त्याचं काय केलंत?”

प्रश्न चांगला होता. मी खरं ते सांगितलं. मी त्याला भेटलो. त्याला वाटलं होतं, जितके जास्त लोक प्रार्थना करतील तितकं चांगलं. मी म्हणालो, प्रार्थना कर, पण देवाला माझं नाव कळायला ग्रुप लागत नाही. तो बराच वेळ गप्प होता, मग माफी मागितली. मला त्याच्यावर रागावता येईना. त्याने जे केलं ते मी त्याच्या सात वर्षं आधी, डोळे मिटून, माइकवर केलं होतं. तो अजून माझा मित्र आहे. हल्ली तो विचारतो, “हे सांगू का कुणाला?” बहुतेक वेळा मी नाही म्हणतो, आणि ती गोष्ट त्याच्यापाशीच राहते.

मुलीने मान हलवली. तिचं समाधान झालं की नाही ते कळलं नाही.

हे सगळं लिहायच्या आधी मी कांडीला फोन केला. मागे मागांची खटखट चालू होती, त्यामुळे दोघांनाही ओरडून बोलावं लागत होतं. म्हटलं, तुझ्याबद्दल लिहायचंय. वडिलांचं, मटक्याचं, सगळं. लिहू का? नको म्हणालास तर नाही लिहीत.

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. नुसते माग ऐकू येत होते.

“लिही,” तो म्हणाला. “बा आता पीत न्हाई, तेबी लिही. आणि माझं खरं नाव घालू नगंस.”

“मग काय लिहू?”

“कांडी लिही की. गावात चार कांड्या हायत.”